ऐकत नाही म्हणजे काय?

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

"आमचं कार्टं मुळी ऐकतच नाही हो!" हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही असे घर महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. एस.टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कोठेही दोन आया एकत्र आल्या की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतेच. बोलणारीच्या स्वरात तक्रार असते, थोडे कौतुकही असते, आणि ऐकणारी लगेच म्हणते, "आमचं तरी कुठं ऐकतंय!" गंमत अशी की ज्याच्याविषयी हे सारे चाललेले असते ते तीन-चार वर्षांचे पोर शेजारीच उभे असते, आणि हे बोलणे मात्र ते अगदी कान देऊन ऐकत असते.

आपल्या मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानावर पडणे हा एक आणि सांगितलेले मानणे हा दुसरा. आपण गाणे ऐकतो तो पहिला अर्थ आणि वडिलांचे ऐकतो तो दुसरा. मूल ऐकत नाही अशी तक्रार करताना आपल्या मनात हा दुसरा अर्थ असतो. पहिला अर्थ केव्हाच पुरा झाला आहे असे आपण खुशाल गृहीत धरलेले असते. मला या लेखात जे सांगायचे आहे ते एवढेच की हे गृहीत धरणे पुष्कळदा चुकीचे असते. लहान मुलाने आपले मानावे असे वाटत असेल, तर आपले बोलणे त्याच्यापर्यंत नेऊन पोचवण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची आहे.

मी मानसशास्त्राची पंडित नाही. त्या विषयाच्या दोन पेपरांइतकेच माझे ज्ञान. पण गेल्या वर्षी एका शिबिराने आणि एका चपराकीने मला जे शिकवले ते पेपरात लिहिता येण्यासारखे नव्हते, म्हणून येथे लिहिते आहे.

आधी शिबिराविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरासाठी आमचे पथक दत्तक गावी गेले होते. मुलांच्या वाट्याला बंधारा आणि शोषखड्डे आले. मला आणि माझ्या मैत्रिणीला सकाळच्या वेळी अंगणवाडीत मदत करायला सांगितले. "चला, सुटलो!" असे आम्ही एकमेकींना म्हणालो. बंधाऱ्याचे दगड उचलण्यापेक्षा पोरे सांभाळणे सोपे, अशी आमची समजूत. ती पहिल्या दिवशी साडेदहाच्या आतच संपली.

हजेरीला पंचवीस-सव्वीस मुले. ताईंना पंचायतीत काही कामासाठी जावे लागले आणि खिचडीपूर्वी मुलांचे हात धुऊन घेण्याचे काम आमच्यावर आले. मी दारात उभी राहून खणखणीत आवाजात सांगितले, "सगळ्यांनी आपापल्या पाट्या जागेवर ठेवा, रांगेत उभे राहा, धक्काबुक्की करू नका, आणि एकेकाने बाहेर येऊन हात धुवा!" वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळालेले आहे. पण त्या दिवशी माझे भाषण ऐकून एक मुलगी जागची हलली नाही, दोघे जण धक्काबुक्की करू लागले, तिघे पाण्याच्या पिंपाकडे पळाले आणि एकाने पाटी डोक्यावर ठेवली. मी पुन्हा तेच, वरच्या पट्टीत सांगितले. त्याबरोबर सगळेच वरच्या पट्टीत ओरडू लागले. मदतनीस मावशी चुलीपासून उठून आल्या नसत्या तर पिंप आडवे झाले असते.

दुसऱ्या दिवशी ताई कसे करतात ते मी पाहिले. त्या ओरडल्या नाहीत. दारातून तर काहीच बोलल्या नाहीत. मुलांत जाऊन खाली बसल्या. एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचे नाव घेतले, त्याने मान वर करेपर्यंत थांबल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "पाटी पेटीत ठेव." बस्स, एवढेच. तो उठला. मग दुसरी, मग तिसरा. चौथ्यापासून पुढे सांगावेच लागले नाही. एकाचे पाहून दुसरे उठू लागले. पाट्या ठेवून झाल्यावर त्यांनी विचारले, "आता हत्तीसारखं डुलत डुलत कोण चालणार?" आणि सगळे हत्ती पिंपापर्यंत एकामागून एक डुलत गेले. रांग हा शब्द त्यांनी उच्चारलासुद्धा नाही.

मी त्यांना म्हटले, "ताई, मीही तेच सांगितलं होतं." त्या हसून म्हणाल्या, "तू चार कामं एका दमात सांगितलीस, गं. एवढ्याशा पोराच्या ध्यानात एक राहतं, फार तर दोन. आणि 'धक्काबुक्की करू नका' म्हटलंस ना? त्यांना 'धक्काबुक्की' तेवढी ऐकू गेली. काय नको ते सांगण्यापेक्षा काय करायचं ते सांगावं."

पुढच्या चार-पाच दिवसांत मी नुसते पाहत राहिले आणि माझ्या ध्यानात आले की आपण मोठी माणसे लहानांना जे सांगतो त्यातले निम्मे मुळी सांगणे या सदरात बसतच नाही. आपण स्वयंपाकघरातून ओरडतो. मूल बाहेर खडे मोजत असते आणि त्याच्या दृष्टीने तो आवाज पाखरांच्या आवाजाइतकाच दूरचा असतो. आपण "जेवतोस का?" असे विचारतो, ते प्रामाणिकपणे "नाही" म्हणते आणि मग आपण रागावतो. विचारायचेच नव्हते तर विचारले कशाला? "नीट वाग" असे आपण सांगतो, पण नीट म्हणजे काय हे त्याला कोणी दाखवलेले नसते. आणि सांगून झाल्यावर आपल्याला तत्काळ अंमलबजावणी हवी असते. हातातले काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळायला आपल्यालासुद्धा वेळ लागतो हे आपण सोयीस्करपणे विसरतो. प्राध्यापक वर्गात आल्यावर आमच्या गप्पा थांबायला किती वेळ लागतो, हे आमचे प्राध्यापकच सांगू शकतील!

आता चपराकीविषयी सांगते. ती शिबिराच्या आधीची, दिवाळीच्या सुटीतली. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा चार वर्षांचा. ती माहेरपणाला आली होती. "हा अलीकडं फार हट्टी झालाय, दहादा हाक मारली तरी ओ देत नाही," अशी तिची तक्रार होती. एके संध्याकाळी मी अंगणात रांगोळी काढत होते. हा मागून पळत आला. मी मान वर न करताच ओरडले, "थांब, तिकडून जा!" तो थांबला नाही. तासाभराची रांगोळी पुसली गेली आणि मी उठून त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही. गाल धरून माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्या पाहण्याला मी तेव्हा निगरगट्टपणा म्हटले.

शिबिराच्या पाचव्या दिवशी ताई एका मुलाकडे पाहून मदतनीस मावशींना म्हणाल्या, "याच्या आईला बोलवायला हवं. हा समोरून सांगितलं की ऐकतो, मागून सांगितलं की नाही. सारखी सर्दी असते याला. कान दाखवायला हवेत." माझ्या हातातला खडू तसाच राहिला. सर्दी. मागून मारलेली हाक. तोंडाकडे पाहत राहणे. त्याच रात्री मी बहिणीला फोन केला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठले आहे. लहान मुलांत वारंवार सर्दी झाल्यावर असे पुष्कळदा होते. कान दुखत नाही, फुटत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ता लागत नाही. मुलाला मात्र, पाण्यात बुडी मारल्यावर आपल्याला जसे ऐकू येईल तसे ऐकू येते. हे बहुधा आपोआप ओसरते, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, तोवर त्याच्यासमोर जाऊन, त्याला तोंड दिसेल असे बोलत जा, असे डॉक्टरांनी सांगितले. बहिणीने हे मला फोनवर सांगितले आणि मग आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

प्रत्येक हट्टी मुलाचा कान बिघडलेला असतो असे मला म्हणायचे नाही. बहुतेकांचे कान चांगले असतात. पण माझ्या भाच्याला ऐकू गेले की नाही, हा साधा प्रश्न चपराक देण्यापूर्वी माझ्या मनात आला नाही. तो प्रश्न कान चांगले असलेल्या मुलाच्या बाबतीतही आपण स्वतःला विचारायला हवा. पोचले का? कळले का? जमण्यासारखे आहे का? हे तीन प्रश्न विचारून झाल्यावर जे उरेल त्याला खुशाल हट्ट म्हणावे. माझा अनुभव असा की फारसे उरत नाही.

हे काही मी नवे सांगते आहे असे नाही. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह काढले, तेव्हापासून हा विचार जगापुढे आहे. त्यांच्या पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. मुले डोळे मिटून निश्चल बसतात आणि बाई दूर जाऊन एकेकाचे नाव अगदी कुजबुजल्यासारखे घेतात. नाव ऐकू आले की त्या मुलाने पावलांचा आवाज न करता उठून जायचे. गंमत पाहा, आपण मुलांना ऐकवण्यासाठी आवाज चढवतो आणि माँटेसरीबाई उतरवतात. आज्ञापालनाच्याही त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर मुलाला सांगितलेले कधी जमते, कधी जमत नाही. दुसरीवर ते नेहमी जमते. तिसरीवर ते आनंदाने करते. काल ऐकले आणि आज ऐकत नाही, म्हणजे मुद्दाम करतो, असे आपण समजतो. तेव्हा ते पोर पहिल्या पायरीवर उभे असते इतकेच.

पण खेळ माहीत असला म्हणून काम होतेच असे नाही. गुजरातचे थोर बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला उत्साही शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात हा शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि पोरे असा गोंधळ घालतात की त्याला त्यांना घरी सोडावे लागते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि तीच पोरे चिडीचूप होतात. गिजुभाईंना स्वतःच्या नायकाची फजिती लिहायला संकोच वाटला नाही, म्हणून ते पुस्तक मला मोठे वाटते. मुलांनी आपले ऐकावे यासाठी आधी त्यांना ऐकावेसे वाटेल असे काही आपल्यापाशी असावे लागते.

गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक या आपल्या मराठी मुलुखातल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्या बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. तिचे नाव अंगणवाडी. जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळा कुरणात गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पण त्या शब्दात दडलेली गोष्ट आपण विसरलो. हाकेला ओ येत नसेल तर हाक मारणाऱ्याने चार पावले पुढे जायचे, ही ती गोष्ट. आमच्या शिबिरातल्या ताई मुलाजवळ जाऊन खाली बसल्या, तेव्हा त्या हेच करत होत्या. त्यांनी कदाचित ताराबाईंचे एक पानही वाचलेले नसेल.

आता काही वाचक म्हणतील, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती. वडिलांनी नुसते डोळे वटारले की आम्ही गार!" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. भीतीने मूल ऐकते हे खरेच आहे. आपल्याकडे जुने सुभाषितच आहे की पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे ताडन करावे आणि सोळावे लागले की मित्रासारखे वागावे. परंतु सुभाषिताची साक्ष काढणारे पहिली पाच वर्षे सोयीस्करपणे गाळतात, कारण आज चापट्या बसतात त्या तीन-चार वर्षांच्यांनाच! शिवाय भीतीने मूल शिकते ते काय? तर बाबा घरात असताना भिंतीवर रेघोट्या ओढू नयेत, एवढेच. भिंत खराब होते हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. धाक बाहेर गेला की रेघोट्या सुरू. ऐकणे माणसावर टांगलेले राहते, गोष्टीवर बसत नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. पहिलीतल्या मुलाला शाळेत जे संरक्षण कायद्याने दिले आहे, ते त्याच्या धाकट्या भावंडाला घरात आपण आपण होऊन द्यायला नको काय?

धमक्यांचेही तसेच. बागुलबुवा येईल, पोलीस पकडून नेतील, डॉक्टर सुई टोचतील! यातले पहिले दोघे येत नाहीत, म्हणून आपला शब्द खोटा पडतो. तिसऱ्याकडे एक दिवस जावेच लागते, तेव्हा मूल दारातच भोकाड पसरते आणि आपण म्हणतो, "ऐकत नाही!" अलीकडे धमकी देण्याचेही कष्ट वाचले आहेत. हातात मोबाईल दिला की मूल गप्प बसते. पण गप्प बसलेले मूल ऐकणारे झाले असे समजणे ही मोठी फसगत आहे. त्या वेळी ते आपल्यापासून शिबिरातल्या दारापेक्षाही दूर असते.

उलट बाजूचाही अतिरेक मला मान्य नाही. मुलाला काही सांगूच नये, त्याला वाटेल ते करू द्यावे, असे म्हणणारे लोक मला आळशी वाटतात. ताई मोजके सांगत, पण सांगितलेले सोडून देत नसत. हात धुतल्याशिवाय खिचडी नाही म्हणजे नाही. एक मुलगी अडून बसली तर त्या तिच्याजवळ बसून राहिल्या, रागावल्या नाहीत, ताटही वाढले नाही. शेवटी तिचा हात धरून दोघी मिळून पिंपापाशी गेल्या. आणि मूल रस्त्यावर धावले तर मीसुद्धा ओरडेन, दंडाला धरून मागे ओढेन. पण त्या ओरडण्याचा उपयोग व्हायचा असेल तर ओरडणे राखून ठेवलेले असले पाहिजे. ज्या घरात सकाळपासून "नको, नको"चा पाऊस पडत असतो, तेथे खऱ्या धोक्याची हाकही त्या पावसातच वाहून जाते.

"एवढा वेळ कोणाला आहे?" हा शेवटचा आक्षेप, आणि तो खरा आहे. दिवसभर निंदणी करून आलेल्या किंवा ऑफिसातून लोकलला लोंबकळत आलेल्या आईला मुलाशेजारी खाली बसायला सांगणे मला अवघड वाटते. विशेषतः त्याच घरात बाबा पेपर वाचत बसलेले असताना. हे काम एकट्या आईचे नव्हे. पण वेळेविषयी मी ताईंना विचारले तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मला पटले. "लांबून दहादा ओरडण्यापेक्षा एकदा उठून जाणं स्वस्त पडतं, गं."

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मधला एक प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. आंघोळ केलेल्या श्यामला पायांना माती लागू द्यायची नसते. तो आईला लुगड्याचे ओचे दगडावर पसरायला सांगतो, आणि आई पसरते. मग ती त्याला मनही तसेच स्वच्छ ठेवायला सांगते. त्या उपदेशाचे कौतुक आजवर पुष्कळ झाले. मला मात्र आता त्याच्या आधीचा क्षण मोठा वाटतो. एवढेसे पोर काहीतरी हट्ट धरते आणि आई त्याचे ऐकते. आधी आईने श्यामचे ऐकले, मग श्यामने आईचे. ते सांगणे जन्मभर टिकले याचे कारण या क्रमातच असावे.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या डी.एल.एड. किंवा बी.एड. करून शिक्षक होतील, आणि आई-बाप तर बहुतेक सगळेच होतील. तेव्हा हे पाठ करून ठेवा असे मी म्हणत नाही. मी स्वतः एवढे शिकूनही अजून स्वयंपाकघरातून ओरडतेच. पण मध्येच आठवते आणि उठून जाते.

परवा बहीण पुन्हा आली होती. भाच्याचे कान आता मोकळे झाले आहेत. मी ओसरीवर मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसले होते. तो काहीतरी सांगत होता आणि मी "हं, हं" करत होते. थोड्या वेळाने दोन लहान हात माझ्या हनुवटीला लागले. त्याने माझे तोंड आपल्याकडे वळवले, मी त्याच्याकडे पाहेपर्यंत थांबला आणि हळूच म्हणाला, "मावशी, इकडं बघ ना. मी सांगतोय."